उपवासाची भोवळ आणि हंडीचा मार

श्रावण वद्य अष्टमीची मध्यरात्र आणि दुसऱ्या दिवशीचा गोपाळकाला, हा काळ भाविक घरांतून मोठ्या धामधुमीचा असतो. दिवसभराचा उपवास, संध्याकाळपासून पाळणा सजविण्याची लगबग, रात्री बाराच्या ठोक्याला जन्मकाळ, सुंठवड्याचा प्रसाद आणि मग जेमतेम डोळा लागतो न लागतो तोच कानी येणारा गोविंदांचा गजर. घरातील वडील मंडळी देवळात, तरुण मंडळी हंडीच्या चौकात आणि लहानगी दोहोंकडे धावणारी. अशा या दोन दिवसांत माणसे दोन निरनिराळ्या तऱ्हांनी जमिनीवर कोसळतात. देवळाच्या सभामंडपात दर्शनाला ताटकळलेल्या उपवासकऱ्याला घेरी येते. चौकात थर ढासळून एखाद्या गोविंदाच्या डोक्याला मार बसतो. कारणे भिन्न, परिणाम भिन्न. परंतु भोवतालच्या समुदायाचा उपचार मात्र दोन्ही ठिकाणी एकच. तोंडावर पाणी मारावयाचे, खांद्याला धरून उठवून बसवावयाचे, दोन घोट पाजावयाचे आणि त्याने डोळे उघडले की ‘आला शुद्धीवर!’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकून पुन्हा उत्सवाकडे वळावयाचे.

पहिल्या प्रसंगी हा निःश्वास बहुधा रास्त असतो. दुसऱ्या प्रसंगी तोच जिवावर बेतू शकतो. या दोहोंतील भेद घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक असावा, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

साधी भोवळ म्हणजे काय, ते आधी पाहू. माणूस फार वेळ एका जागी उभा राहिला की रक्त पायांकडे उतरू लागते. त्यात पोट रिकामे, घशाला कोरड, गाभाऱ्यातील समयांची धग, धूप-उदबत्तीचा कोंडलेला धूर आणि पाठीमागून रेटणारी गर्दी यांची भर पडली म्हणजे रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते आणि मेंदूला होणारा रक्ताचा पुरवठा क्षणभर उणा पडतो. मेंदूला ही उणीव काही सेकंदांपलीकडे सोसत नाही. जांभया येतात, अंगाला दरदरून घाम सुटतो, कानांत गुणगुण सुरू होते, डोळ्यांपुढे काळोखी येते आणि माणूस खाली येतो. गंमत अशी की हे खाली येणे हाच त्या दुखण्यावरचा निसर्गाचा उपाय आहे. शरीर आडवे झाले, हृदय आणि मस्तक एका पातळीवर आले की रक्त मेंदूकडे परतते आणि मिनिटभरात शुद्ध येते. आपण मात्र त्याला घाईघाईने उठवून बसवतो आणि निसर्गाने केलेला उपचार उधळून लावतो. दाट गर्दीत तर मूर्च्छा आलेला माणूस दोन्ही बाजूंच्या रेट्याने उभाच अडकून राहतो. हे सर्वांत वाईट. त्याला प्रथम बाजूस काढून उताणे निजवावे, पाय हातभर उंच धरावेत, गळ्याशी आवळलेले कपडे सैल करावेत आणि वाऱ्याला वाट ठेवावी. शुद्ध आल्यावरही पाच-दहा मिनिटे तसेच पडू द्यावे. कांदा हुंगविणे, नाकाशी चप्पल धरणे हे प्रकार अजूनही पाहावयास मिळतात. त्यांनी शुद्ध आली असे वाटते खरे, पण ती शुद्ध आडवे पडल्याने आलेली असते. श्रेय मात्र चपलेला मिळते.

घेरी येणार याची चाहूल ज्याला लागली आहे त्याने संकोच न करता तिथेच खाली बसावे, शक्य तर आडवे व्हावे. ते शक्यच नसेल तर पायाला पायाची तिढी घालून मांड्या आवळाव्यात, मुठी घट्ट मिटाव्यात. पायांत उतरलेले रक्त त्याने काही अंशी वर ढकलले जाते.

परंतु प्रत्येक घेरी अशी निरुपद्रवी नसते. काहीही पूर्वसूचना न देता एकदम आलेली, निजलेल्या स्थितीत आलेली, धावता-चढताना आलेली, छातीत दुखून किंवा धडधड होऊन आलेली घेरी हृदयाकडे बोट दाखविते. ज्या घराण्यात कुणी तरुणपणी अकस्मात गेलेले आहे, त्या घरातील माणसाची मूर्च्छा हसण्यावारी नेऊ नये. गरोदर स्त्री आणि साठी उलटलेले वडीलधारे यांनाही त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. पाय उंच धरूनही एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही तर ती साधी घेरी नव्हे असे समजून मदत बोलवावी. आणि कोसळलेला माणूस हाकेला ओ देत नसेल, त्याचा श्वास नेहमीसारखा चालत नसेल, नुसते आचके दिल्यासारखे होत असेल, तर हृदय थांबले असे समजून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने जोरात दाब देत राहावे. दाब किमान ५ सेंटिमीटर खोल हवा. रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवावयाचे नाही. थकल्यास दुसऱ्याने हात घालावा.

उपवासाच्या दिवशी मधुमेही माणसाची गोष्ट निराळीच. सकाळी नेमाने गोळी घेतली, इन्शुलिन टोचून घेतले आणि खाणे मात्र मध्यरात्रीवर टाकले, तर रक्तातील साखर उतरत जाते. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, भूक खवळते. त्याहून उतरली तर माणूस असंबद्ध बोलू लागतो, चिडतो आणि शेवटी बेशुद्ध होतो. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी आणि उणी असल्यास पुन्हा द्यावी. उपवास मोडेल म्हणून येथे थांबू नये. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तीर्थाचा थेंबही नको. तो घशातून फुप्फुसात उतरतो. खरे म्हणजे अष्टमीच्या आठ दिवस आधीच डॉक्टरांना विचारून त्या दिवशीच्या मात्रा ठरवून घ्याव्यात. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी निर्जळी उपवास करणे म्हणजे भोवळीला आमंत्रण होय. पाणी, फळे, दूध आणि औषध यांच्या सेवनाने व्रतभंग होत नाही, असा निर्वाळा आपल्या शास्त्रकारांनी देऊन ठेवलेला आहे. आजारी माणसाने औषध टाळून केलेला उपवास हा शास्त्राचा नव्हे, त्याच्या हट्टाचा उपवास असतो.

आता चौकाकडे वळू. गोविंदांच्या थरांत माणूस माणसाच्या खांद्यावर उभा राहतो, तेव्हा प्रत्येक थरागणिक सुमारे पाच फुटांची भर पडते. २०१२ साली ठाण्यात नऊ थरांचा जो जागतिक विक्रम नोंदला गेला, त्याची उंची ४३.७९ फूट होती. एवढ्या उंचीवरून पडणारे मूल जमिनीवर आले तर काय होईल हे सांगावयास नको. पण धोका केवळ वरच्या एक्क्याला असतो ही समजूत पुरी खरी नाही. मनोरा ढासळतो तेव्हा वरची माणसे खालच्यांच्या डोक्यामानेवर पडतात. पायाच्या थरातील धडधाकट जवानाला आपल्याला काय झाले हे कळावयाच्या आत मार बसलेला असतो. स्पेनमधील कातालोनिया प्रांतात असेच मानवी मनोरे रचतात; तेथे वर चढणारी मुले डोक्यावर शिरस्त्राण घालतात. आपल्याकडेही पुष्कळ पथके हेल्मेट आणि वरच्या गोविंदाला कमरेचा दोर वापरू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे १४ वर्षांखालील मुलांना थरांत चढू देणार नाही अशी हमी राज्य शासनाने दिली आणि २०२२ साली याच खेळाला साहसी खेळाचा दर्जाही मिळाला. तरीही हेल्मेटने कवटी वाचते, मान वाचत नाही. आणि कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका तर पुरता टळत नाहीच.

हा हिसका कसा ते समजून घेतले पाहिजे. कवटी ही बंद पेटी आहे. पायाला मार बसला तर पाय सुजतो, सुजेला बाहेर पसरावयास जागा असते. कवटीत ती नाही. आत सूज आली किंवा रक्त साकळले तर ते मेंदूलाच दाबते. कानशिलापाशी कवटीचे हाड सर्वांत पातळ असते आणि नेमकी त्याच्या आतल्या अंगाने एक धमनी जाते. तेथे फटका बसून हाड चिरले आणि ती धमनी फाटली म्हणजे हाड व मेंदूचे वेष्टन यांच्यामध्ये रक्त साठू लागते. या दुखण्याचा घातकीपणा असा की पडल्यावर माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठतो, कपडे झटकतो, चालतो, बोलतो, चहा पितो, पथकाबरोबर पुढच्या हंडीलाही जातो. मधल्या काळातली ही शुद्ध अर्धा तास टिकेल, कधी काही तास टिकेल. आत मात्र गुठळी वाढत असते. मग डोके ठणकू लागते, वांती होते आणि त्याला झोप येऊ लागते.

काल्याच्या दिवशी झोप कुणाला येत नाही? रात्रभर जागरण झालेले, अंग भिजलेले, सकाळपासून धावपळ. ‘दमलाय, पडू द्या’ असे म्हणून सोबती त्याला कुणाच्या तरी ओट्यावर निजवतात. किंवा ‘थोडी घेतली असेल’ असे म्हणून डोळे मिचकावतात. दोन्ही समजुती सयुक्तिक वाटतात, म्हणूनच त्या भयंकर आहेत. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारी झोप ही झोप नव्हे. ती मावळत चाललेली शुद्ध असते. वेळीच शल्यचिकित्सकाच्या हाती पडला तर कवटीला छेद घेऊन ती गुठळी काढता येते आणि असा रुग्ण पुष्कळदा पुरता बरा होऊन घरी परततो. शुद्ध हरपून बराच काळ गेल्यावर तेवढी आशा उरत नाही. सारा खेळ मधल्या त्या तासांचा आहे.

म्हणून कोसळलेल्या माणसाविषयी पहिला प्रश्न विचारावा तो हा : आधी घेरी आली आणि मग पडला, की आधी पडला आणि मग शुद्ध गेली? पाहणाऱ्यांना विचारावे. देवळाच्या पायरीवर घेरी येऊन पडलेल्या आजींचे डोके दगडावर आपटले असेल तर दोन्ही दुखणी एकत्र आली असे समजून मोठ्या दुखण्याच्या हिशेबाने वागावे.

एकाहून अधिक वेळा वांती, वाढत जाणारी डोकेदुखी, तेच ते विचारणे, पडल्याचे न आठवणे, घरच्यांना न ओळखणे, आकडी येणे, एका हातापायातील बळ जाणे किंवा बोलणे अडखळणे, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणे, डोळ्यांभोवती वा कानामागे काळेनिळे पडणे. यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी रुग्णालय गाठावे. यांपैकी काहीच नसले तरी क्षणभर का होईना शुद्ध गेली असेल, माणसाच्या उंचीवरून किंवा त्याहून अधिक उंचीवरून पडला असेल, वय पासष्टच्या पुढे असेल किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांच्या तपासणीवाचून घरी नेऊ नये. तान्ह्या मुलाचे रडणे थांबेना, ते अंगावर पिईना, टाळू फुगलेली दिसली तर क्षणाचाही विलंब नको.

शुद्धीचे मोजमाप करण्याची एक रीत ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या दोघा डॉक्टरांनी १९७४ साली मांडली. आज जगभरची रुग्णालये तीच वापरतात. डोळे कशाने उघडतो, बोलतो कसे, हालचाल कशी करतो या तीन गोष्टींना गुण देतात. पूर्ण शुद्धीत १५, अगदी खालचे ३; आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. आपण गुण मोजण्याची आवश्यकता नाही, पण त्याच तीन गोष्टी दर पंधरा मिनिटांनी पाहून घड्याळातील वेळेसह कागदावर टिपल्या तर रुग्णालयातील डॉक्टरांना ते टिपण अमोल ठरते. आकडा काय आहे यापेक्षा तो उतरतो आहे काय, हे त्यांना जाणून घ्यावयाचे असते.

पडलेल्या गोविंदाला चौघांनी हातपाय धरून उचलणे, हे दृश्य दरवर्षीचेच. मानेचा मणका दुखावला असेल तर या उचलण्यानेच त्याचे हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. त्याला होता तेथेच राहू द्यावे. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके व मान सरळ रेषेत स्थिर धरावी. हेल्मेट असेल आणि श्वासाला अडथळा नसेल तर ते काढू नये. वांती होत असेल किंवा घशात रक्त उतरत असेल तर डोके, मान, पाठ एका ओंडक्यासारखी एकत्र ठेवून तीन-चार जणांनी त्याला कुशीवर वळवावे. गाडीत घालताना सपाट फळी किंवा स्ट्रेचर. डोक्याच्या कातडीला रक्तवाहिन्या फार, त्यामुळे लहानशी जखमही धो धो वाहते. स्वच्छ कापडाने सतत दाबून धरावी. हाड खाली दबलेले जाणवत असेल तर मात्र त्यावर जोर देऊ नये, कापड नुसते झाकावे. हळद, कॉफीची पूड, चुना हे जखमेत भरू नये. कानातून येणारे रक्त कापसाचा बोळा घालून अडवू नये. पाणी, चहा, काहीही पाजू नये. शस्त्रक्रियेची वेळ आली तर पोट रिकामे असणे बरे. आणि कृपा करून तेवढा वेळ तरी ध्वनिक्षेपक बंद करावा, म्हणजे जखमी काय म्हणतो ते ऐकू तरी येईल.

न्यावयाचे कोठे? महाराष्ट्रात जानेवारी २०१४ पासून १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. ती विनामूल्य असून गाडीत डॉक्टर असतो. ११२ हा सर्व संकटांसाठीचा क्रमांकही देशभर चालतो. दूरध्वनी करताना गल्लीचे नाव, जवळची ठळक खूण, जखमी किती, शुद्धीवर आहेत की नाहीत आणि मार डोक्याला आहे, एवढे सांगावे. आणि समोरच्याने ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवू नये. मंडळांनी एक काम आदल्या दिवशीच करावे. हंडीच्या दोरीखालून रुग्णवाहिका शिरेल एवढी वाट मोकळी ठेवावी आणि नाक्यावर गाडीला वाट दाखविण्यासाठी एक माणूस नेमावा.

बहुतेक घरांतून जखमीला प्रथम कोपऱ्यावरच्या लहान रुग्णालयात नेतात. तेथे सलाईन लावतात, टाके घालतात, आणि डोक्याच्या आत काय चालले आहे हे पाहण्याचे सीटी स्कॅन यंत्र तेथे नसते. दोन तासांनी ‘मोठ्या ठिकाणी हलवा’ असे सांगितले जाते. त्या दुकानदारीविषयी येथे बोलावयाचे नाही. पण घरच्यांनी दारातच दोन प्रश्न विचारावेत. सीटी स्कॅन आत्ता, सुटीच्या दिवशी, चालू आहे काय? मेंदूची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर येथे आहेत काय? दोन्हीची उत्तरे नकारार्थी असतील आणि श्वास नीट चालला असेल, तर थेट मोठे रुग्णालय गाठावे. श्वास अडत असेल, रक्त थांबत नसेल, तर मात्र जे सर्वांत जवळ तेच पहिले. मुंबईत परळचे के.ई.एम., मुंबई सेंट्रलचे नायर, शीवचे लोकमान्य टिळक, भायखळ्याचे सर जे.जे. आणि विलेपार्ल्याचे कूपर ही मोठी सार्वजनिक रुग्णालये काल्याच्या दिवशी गोविंदांची वाट पाहतच असतात. पुण्यात ससून आहे, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तळकोकणातील सावंतवाडी, दोडामार्ग भागाला पुष्कळदा गोव्यातील बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालयच जवळ पडते. अन्यत्र आपल्या जिल्हा रुग्णालयात कोणती सोय आहे, याची चौकशी सणाच्या आधीच करून पत्ता व क्रमांक देवघराशेजारच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

पोलिसांचे लचांड मागे लागेल म्हणून जखमीला हात न लावणारे पुष्कळ आहेत, आणि पोलिसांचा कागद आणा मगच तपासू असे म्हणणारेही एकेकाळी होते. दिल्लीच्या परमानंद कटारा यांनी अशाच एका स्कूटरस्वाराच्या मृत्यूवरून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. जवळच्या रुग्णालयाने त्याला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात धाडले आणि तो वाटेतच गेला. त्यावर १९८९ साली न्यायालयाने निकाल दिला की, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवावयाचा, कायद्याचे सोपस्कार मागाहून. दारात अडवणूक झाली तर हा निकाल शांतपणे सांगावा.

तपासणी होऊन डॉक्टरांनी घरी पाठविले, तरी पुढले चोवीस तास त्या माणसाला एकटे ठेवू नये. झोपू द्यावे, परंतु डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने हलवून जागे करावे आणि नाव, गाव, आजचा वार विचारावा. नीट उत्तर देऊन कूस बदलली तर पुन्हा निजू द्यावे. उठवता उठेना तर गाडी बोलवावी. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन, ब्रुफेन यांसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढण्याचे भय असल्याने त्या डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नयेत. थरांत पुन्हा चढणे त्या वर्षापुरते तरी सोडावे.

वृद्धांच्या बाबतीत चोवीस तासही पुरत नाहीत. वयोमानाने मेंदू थोडा आकसतो, त्याच्या भोवतीच्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि पाळणा बांधताना स्टुलावरून घसरण्याइतक्या किरकोळ निमित्तानेही त्या फाटतात. रक्त इतके हळूहळू झिरपते की अष्टमीला पडलेल्या आजोबांचे दुखणे गणपतीत, कधी अनंत चतुर्दशी उलटल्यावर वर येते. आजोबा आरतीत चुकू लागतात, चालताना एका अंगाला झुकतात, दिवसा डुलक्या घेतात, स्वभाव बदलल्यासारखा वाटतो. घरचे म्हणतात, वय झाले. डॉक्टरांकडे नेले तरी कुणी सांगत नाही, कारण तीन आठवड्यांपूर्वीचे ते पडणे कुणाच्याच ध्यानी राहिलेले नसते. तेव्हा त्या दिवशी दिनदर्शिकेवर अष्टमीच्या चौकटीत ‘आजोबा पडले, डोक्याला टेंगूळ’ एवढे चार शब्द पेन्सिलीने टिपून ठेवावेत, आणि दवाखान्यात जाताना ते पान बरोबर न्यावे.